मौजे लिंगैक्य

माझा थोरला भाऊ तापानं गेला, त्यात माझा हात नव्हता. दोन वर्षांनी मी त्याला कागदावर जिवंत केला, आणि मग भर कचेरीत, त्याच्या बायकोच्या तोंडून, पुन्हा मारला. हे दुसरं मरण माझ्या अंगावर आहे. त्याबद्दल लिहायचं आहे.

आळंदला आमचं अडतीचं दुकान होतं. शेतकऱ्यांची तूर-ज्वारी यायची, सौदा लावून द्यायचा आणि आपली अडत घ्यायची, एवढाच धंदा. आम्ही तिघं भाऊ. थोरला अण्णा, मधला दादा, शेवटचा मी. अप्पा लवकर वारले, तेव्हापासून दुकान अण्णा-दादांनी मिळून चालवलं, निम्मं-निम्मं. मला शिकायला सोलापुरात ठेवलं. मी शिकलो थोडं आणि पत्रकं छापली फार. रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यात घालून ती अक्कलकोटच्या बाजूनं सरहद्दीच्या आत, आमच्या संस्थानात, आणायची आणि बाजाराच्या दिवशी वाटायची. जुलूम, जागे व्हा, अशी ती भाषा. तिची मला इतकी सवय झाली होती की घरी खुशालीचं पत्र लिहिलं तरी त्यात एक-दोन जुलूम यायचेच.

अण्णाला मूल नव्हतं. तो गेला त्या दिवाळीत पाडव्याला दादा नव्या वह्या घालायला बसला. कुंकवाची बोटं ओढली, वर श्री काढला आणि हाताच्या सवयीनं पहिलं खातं अण्णाच्या नावाचं लिहिलं. नाव पुरं झालं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. टाक तसाच हातात. मी समोर होतो. दादा म्हणाला, "आता काय करू रे? पाडव्याच्या वहीत काट मारत न्हाईत."

काट मारली नाही. खातं राहिलं. वर्षअखेरीला अण्णाचा निम्मा हिस्सा त्यात जमा पडला, जसा तो असताना पडायचा. मग वैनी, म्हणजे अण्णाची बायको, दर महिन्याला दुकानाच्या मागल्या दारी यायची, "ह्यांच्या खात्यातलं द्या," म्हणायची आणि वहीत आपल्या हातानं एक फुली काढून रक्कम घेऊन जायची. दादाकडं मागायची नाही. दादाही तिला देतोय असं बोलायचा नाही. गादीवर अण्णाच्या जागेला कुणी बसत नव्हतं. गिऱ्हाईक चुकून तिथं टेकलं तर हमाल म्हणायचा, "पाव्हणं, जरा इकडं सरका." का ते सांगायचा नाही.

अशी दोन वर्षं गेली आणि आमदनीवरचा कर आला. आमच्या मुलखात तो नवाच. नोटीस उर्दूत आली: दुकानाच्या वह्या तपासणीसाठी घेऊन गुलबर्ग्याच्या कचेरीत या. दादा वह्यांचं गाठोडं घेऊन मोटारीनं गेला. तिथल्या कारकुनाला मोडी वाचता येत नव्हती, पण पहिलं खातं कुणाचं हे त्यानं दुसऱ्याकडून वाचवून घेतलं.

"ये पहले खाते वाला कौन?"

"माझे थोरले भाऊ."

"कहाँ हैं?"

दादाच्या तोंडून मेला हा शब्द निघाला नाही. तो म्हणाला, "गेले."

"कहाँ गये?"

दादा वह्यांचं गाठोडं बांधायला लागला. कारकून म्हणाला, जे काय असेल ते लिहून द्या.

लिहायचं म्हटल्यावर घरात मी होतोच. इथं आमच्या रीतीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या लिंगायत घरांत माणूस मेला म्हणत नाहीत. लिंगैक्य झाला म्हणतात, म्हणजे लिंगाशी एक झाला. लहान मूलही तसंच बोलतं. तेव्हा मी मेला लिहिणार नव्हतोच. पण नुसतं लिंगैक्य झाले एवढं लिहिलं असतं तरी निभावलं असतं. मला ते पुरेना. सरकारला कागद जातोय, तर दोन शब्द सुनावल्याशिवाय कसा जाईल? मी लिहिलं: "आमचे ज्येष्ठ बंधू या जुलमी मुलखाकडे कायमची पाठ फिरवून लिंगैक्यास गेले."

दादानं वाचलं. "हे जुलमी कामून घातलास?"

"खरं आहे म्हणून."

"बरं वाटायलंय ऐकायला," तो म्हणाला आणि सही केली. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटत होतं.

कचेरीतला तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करणारा मुनशी लांबचा. त्याला मराठी पुस्तकी येत होती आणि लिंगैक्य हा शब्द कुठल्या पुस्तकात त्याला भेटला नव्हता. त्या दिवसांत माणसं खरोखरच घरदार उचलून सरहद्दीपलीकडं जात होती. मुनशीनं सरळ अर्थ लावला: हा भागीदार सरकारी मुलूख कायमचा सोडून लिंगैक्य नावाच्या गावी जाऊन राहिला आहे आणि तिथून दुकानातला निम्मा नफा घेतो. पुढं नक्कल हातात आली तेव्हा मी ते स्वतः वाचलं. "मौजे लिंगैक्य," स्वच्छ अक्षरात.

नोटीस घेऊन शिपाई आला ती दुपारची वेळ होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आम्ही जेवायला बसलो होतो. तो दारात उभा राहिला आणि त्यानं अण्णाचं पूर्ण नाव, अप्पांच्या नावासकट, मोठ्यानं पुकारलं. "हाजिर है?" मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. तशी रीतच असते.

अण्णा गेल्यापासून त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. आम्ही धाकटे, आम्हाला तो अण्णा. वैनी बायको, ती नाव घेणार नाही. ते नाव जसं काही अण्णाबरोबरच पुरलं होतं. आणि आता ते दारातून आत येत होतं, एकदा, दोनदा, तीनदा. दादाचा घास हातात राहिला. वैनी चुलीपाशी होती, पिठाचे हात घेऊन ती दारापर्यंत आली आणि शिपायाच्या मागं बघायला लागली. शिपायाकडं नव्हे. त्याच्या मागं, रस्त्यावर. कोण आलंय ते बघतो तसं. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. सभेत बोलायला उभा राहिलो की दिसतो.

दादा उठला. "मियाँ, हा माणूस मेलाय."

"मेला तो मेला लिखना था ना. तुमीच लिखे लिंगैक्य को गये करके." शिपायानं घाम पुसला. बिचारा म्हातारा होता. "अब मेरे कू बोलो, ये लिंगैक्य किधर आता? मोटर जाती क्या वहाँ तक?"

मला हसू फुटलं. मी हसलो! दादानं माझ्याकडं असं पाहिलं की मी ताटावरून उठलो.

शिपायाला समजावून सांगायला हवं होतं, एक ग्लास पाणी द्यायला हवं होतं. मी त्याला सरकारचा नोकर म्हणून दोन शब्द ऐकवले आणि तो चावडीकडं गेला. चावडीत पोलीस पाटील बसला होता. त्यालाही त्यानं तेच विचारलं. पाटलाला गंमत सुचली. तो म्हणाला, "अक्कलकोटच्या वाटेला जावा मियाँ. आमच्या गावातले लिंगैक्य झालेले समदे तिकडंच राहतात." शिपाई हुकमाचा ताबेदार. उन्हात दोन कोस चालत आमच्या रानात गेला. तिथं सालगड्यानं त्याला अण्णाची समाधी दाखवली. माणूस मुक्कामी भेटला नाही तर नोटीस त्याच्या राहत्या जागी चिकटवायची, असा कायदा आहे. त्यानं डब्यातली खळ काढली आणि चिकटवली.

दुसऱ्या दिवशी मी रानात गेलो. तुरी निघून गेल्या होत्या, खुंटं पायाला लागत होती. चौथऱ्याच्या दगडावर तो कागद, वाऱ्यानं एक कोपरा फडफडतोय. आमच्यात माणसाला आडवं निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात. मी तिथं उभा राहून नोटीस वाचली: अमुक वेळी स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावं, न आल्यास गैरहजेरीत निकाल होईल. आणि मला एकदम वाटलं, अण्णा खाली बसल्या बसल्या हे वाचतोय. गादीवर बसून हुंडी वाचायचा तसं, ओठ हलवत. मी कागद ओढला. खळ वाळून घट्ट झाली होती. तुकडे निघाले, पण ज्यावर नाव होतं ती ओळ दगडालाच राहिली. नखांनी खरवडली तरी निघेना. शेवटी मी ती तशीच सोडून पळालो. होय, पळालो. माझ्या पत्रकांत मी लोकांना न घाबरण्याबद्दल पानं पानं लिहिली आहेत.

गैरहजेरीतला निकाल आला. अण्णा परमुलखातला भागीदार, निम्मा नफा दडवलेला, त्यावर कर आणि वर दंड. भरला नाही तर दुकानातला माल जप्त. रक्कम एवढी होती की दुकान विकूनच ती भागली असती.

दादा मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त निकालाचा कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "तू लिहिणारा हाईस. आता ह्याला उत्तर लिही."

आम्ही उदगीरकडचे एक वकील धरले. उर्दूत पक्के, बोलायला सरळ. त्यांनी सगळं ऐकलं, मौजे लिंगैक्यला पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "अपील होईल. पण अपील करायचा हक्क ज्याच्यावर निकाल झाला त्याला. वकालतनाम्यावर सही कुणाची? मयताची?" चार दिवस त्यातच गेले. शेवटी वारस म्हणून वैनीचा अंगठा चालेल असं ठरलं.

मग वकीलसाहेबांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "नीट ऐक. मेला हे सिद्ध झालं म्हणजे संपलं नाही. ते विचारणार, माणूस मेला तर त्याचं खातं कशासाठी चालू? पैसे कोण घेतं? बाई घेतात. हक्कानं घेतात की हा धाकटा भाऊ खुशीनं देतो? हक्कानं म्हणाल्या तर नवऱ्याचा हिस्सा जिवंत राहिला, भागीदारी जिवंत राहिली, कर आणि दंड कायम. खुशीनं म्हणाल्या तर सगळं दुकान एकट्या दादाचं, बाईंना देतो तो त्याचा घरचा मामला. दंड जाईल."

"आणि वैनीचा हिस्सा?"

"तोही जाईल. कागदावर." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "दोन्ही मिळणार नाही, बेटा. निवडा."

मी निवडलं. दादाला विचारलं नाही, त्याला विचारलं असतं तर त्याला मान खाली घालावी लागली असती. मी वैनीकडं गेलो. ती लग्न होऊन आली तेव्हा मी पाटीवर गिरवत होतो. तिनं मला धाकल्याच म्हटलं कायम. मी तिला सगळं सांगितलं असं आता वाटतं, पण सगळं नाही सांगितलं. सांगितलं एवढंच, की साहेब विचारेल, हक्कानं की खुशीनं, तर खुशीनं म्हण.

"कामून?"

"दुकान वाचंल."

ती तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही. "अन् हक्कानं म्हटलं तर?"

"दुकान जाईल."

"मग तू विचारायला न्हाई आलास धाकल्या," ती म्हणाली. "सांगायला आलास."

गुलबर्ग्याला अपील ऐकणारा अंमलदार वयस्कर होता, खोकल्यानं बेजार. माणूस वाईट नव्हता. हे लिहिताना माझा हात अडखळतो, कारण मला वाईट माणूस हवा होता. त्यानं आधी तर्जुम्याची चूक मान्य केली. मुनशीला समोर बोलावून लिंगैक्यचा अर्थ वकिलांकडून समजून घेतला आणि मान हलवून म्हणाला, "अच्छा लफ्ज़ है." मग वैनीचा जबाब.

पेशकारानं, म्हणजे जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनानं, विचारलं, "शौहर का नाम?"

वैनीनं पदर पुढं ओढला.

"बाई, नाव सांगा," वकील म्हणाले.

"त्यांना ठावं हाय की. त्यांचाच शिपाई दारात येऊन वरडून गेलाय."

दोघं-तिघं हसले. अंमलदारही हसला. पण पेशकार म्हणाला, जबाबात नाव तोंडानंच आलं पाहिजे, नाहीतर जबाब कच्चा. वैनीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली वाकून तिच्या कानात म्हणालो, "घे वैनी. एकदाच."

तिनं नाव घेतलं. आमच्या बायका उखाण्यात घेतात तसं सजवून नाही. नुसतं नाव, दुपारी जेवायला हाक मारावी तसं. कचेरीत गलका होता तो थांबला. मी दाराकडं पाहिलं. दादानंही पाहिलं. दारात तोच म्हातारा शिपाई उभा होता. तो बाजूला सरकला, कुणाला तरी आत येऊ द्यावं तसा. खरंच सरकला. दादालाही मी नंतर विचारलं, तोही हेच म्हणाला.

कुणी आलं नाही. पेशकारानं नाव लिहून त्यापुढं मरहूम, म्हणजे मयत, असं लिहिलं.

मग तो प्रश्न. वकिलांनी मराठीत करून विचारला. "खात्यातले पैसे तुम्ही हक्कानं घेता, की दीर खुशीनं देतात?"

मी तोवर जी पत्रकं लिहिली होती त्यांतल्या प्रत्येकात हक्क हा शब्द मोठ्या टाइपात होता. कुळाचा हक्क, भाषेचा हक्क, रयतेचा हक्क. आणि मी त्या खोलीत, हात बांधून, एका बाईनं हक्क म्हणू नये म्हणून श्वास रोखून उभा होतो.

"खुशीनं," वैनी म्हणाली. मग दाराकडं बघत, हळूच, "त्यांच्या."

निकाल आमच्या बाजूनं झाला. मयत माणूस भागीदार होऊ शकत नाही, सबब दंड रद्द. विधवेला जे दिलं जातं तो देणाऱ्याचा स्वखुशीचा खर्च, सबब तेवढी रक्कम दादाच्याच आमदनीत धरावी. दोन वाक्यांचा निकाल. कायद्याच्या दृष्टीनं चोख असेल. वकील म्हणाले, असाच होणार होता.

पुढच्या पाडव्याला दादानं वही घातली. पहिलं खातं दुसऱ्याच कुणाचं. वैनीला द्यायची रक्कम त्यानं एका पैशानं कमी केली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण ती आता घरखर्चात पडली. तेल, मीठ, हमालाचा चहा, वैनी. ती महिन्याला मागल्या दारी आली, तिनं वही मागितली, फुली काढायला. दादा म्हणाला, "फुलीची गरज न्हाई आता वैनी. असंच न्या."

"मी कुणाच्या खात्यावर जेवते आता?"

"असं काय बोलायलाव? घर तुमचंच हाय."

"घर न्हाई विचारलं," वैनी म्हणाली. "खातं विचारलं."

दादानं वही मिटली. मी आतल्या खोलीत होतो, तिथंच राहिलो. त्या महिन्याची रक्कम तिनं उचलली नाही. पुढच्या महिन्याची नाही. मग ती माहेरी गेली, संतपूरच्या बाजूला तिच्या भावाचं रान आहे तिथं. दादा दर दिवाळीला माणसाबरोबर पैसे पाठवतो. माणूस ते परत आणतो.

राज्य बदललं. ज्यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली ते गेले. आनंद झाला, मी नाचलोही. मग संतपूरला गेलो. वैनी खळ्यावर होती. उन्हानं काळी पडली होती, बरी दिसत होती. माझ्यापुढं भाकरी ठेवली आणि माझं खाणं होईपर्यंत खळ्यावरचं काम करत राहिली. मग म्हणाली, "कागद हाय का तुझ्यापाशी? लिही. मी कचेरीत खोटं बोलले ते."

मी लिहिलं. ती सांगेल तेवढंच, तिच्याच शब्दांत, एकही शब्द माझा नाही. तिनं खाली फुली काढली. "आता हे नव्या सरकारात दे," म्हणाली.

मी दिलं. द्यायचा प्रयत्न केला. गुलबर्ग्याच्या त्याच इमारतीत आता दुसरी माणसं बसतात, काही तीच आहेत. प्रकरण निकालात निघालं, म्हणाले. निकाल तुमच्याच बाजूचा, मग तक्रार कसली? बाई कोण लागतात तुमच्या? एका मेजाकडून दुसऱ्या मेजाकडं फिरलो. कागद कुणी घेतला नाही. परत संतपूरला गेलो तर ती विचारील, दिलास का? म्हणून मी गेलेलो नाही.

तो कागद कुणीतरी वाचलाच पाहिजे, म्हणून इथं छापतो आहे. एवढाच आहे:

"साहेबानं विचारलं तवा मी खुशीनं म्हणले. ते खोटं हाय. ते पैसे माझ्या मालकाच्या हिश्शाचे होते अन् मी ते हक्कानं घेत होते. मला खोटं बोलायला माझ्या धाकल्या दिरानं शिकवलं."